मानाच्या ओळी

२ जून

जोतिरामदादांनी आज ती फाइल उघडून दाखवली. चारशे बहात्तर ओळी! दूध संघाच्या वेबसाइटवर कुणी काय मागितलं की कुठलं पान उघडायचं, ते ठरवणारी फाइल. वेळापूर/दूध, वेळापूर/लस, वेळापूर/सभा, वेळापूर/फोटो. मग अकलूज/दूध, अकलूज/लस... अशी एकशे अठरा गावं. नाव तेवढं बदलायचं, बाकी सगळं तेच ते. अगं आई गं!

मी म्हटलं, दादा, गावाच्या नावाची जागा रिकामी सोडली तर एका ओळीत भागतंय की. दादांनी आजूबाजूला बघितलं. "हात लावू नको वैजू. लई मानाचं हाय ते."

दादा इथं दहा वर्षं आहेत, मी पाच महिने. मला कायम करायचं की वेळापूरला परत धाडायचं, हे रेवणसिद्ध सर महिनाअखेरीला ठरवणार. म्हणून हात लावला नाही.

५ जून

मान म्हणजे काय ते आज कळलं. एका गावच्या दूध संस्थेचे चेअरमन महिपती आबा दोन गाड्या भरून माणसं घेऊन ऑफिसात आले. शुक्रवार पेठेच्या बोळात गाड्या शिरेनात, मग मिरवत चालत! सरांनी स्क्रीनवर त्यांच्या गावाच्या चार ओळी दाखवल्या. नारळ फुटला. मॉनिटरला हार. फोटो. एवढ्यात आबांची नजर जरा वर गेली — "आमच्या डोक्यावर शेजारचं गाव? जत्रंत पयला नारळ आमचा असतोय!"

दादांनी तिथल्या तिथं चार ओळी उचलून वर ठेवल्या. टाळ्या! वेबसाइटला काडीचा फरक पडला नाही. टाळ्या मीही वाजवल्या.

९ जून

कस्तुराबाई म्हणून एका म्हातारीचा फोन. शेळ्या पाळतात. नातीच्या मोबाइलवर लसीची तारीख बघून निघाल्या. "सकाळधरनं बावीस शेळ्या घिऊन बसलीया गं बाई. डॉक्टरचा पत्ता न्हाय."

बघितलं. दादांनी शेजारच्या गावाच्या चार ओळी खाली चिकटवल्या होत्या, तीन ठिकाणी नाव बदललं, चौथ्या ठिकाणी राहिलं. म्हणून म्हातारीच्या लसीच्या पानावर शेजारच्या गावाची तारीख! म्हातारीच्या गावाची तर अजून ठरायचीय. म्हटलं, ठरली की मोबाइलवर दिसेल आजी, आता चुकायचं नाही. शब्द दिला.

१४ जून, रविवार

ऑफिसात एकटी. चारशे बहात्तर ओळी काढून टाकल्या. एक लिहिली. गावाची जागा रिकामी, कामाची जागा रिकामी — जे येईल ते बसेल. एकशे अठराही गावं एकेक उघडून बघितली. सगळी बरोबर!! खुर्चीभोवती नाचले.

१५ जून

सरांच्या भिंतीवर तक्ता असतो, कुणी किती ओळी लिहिल्या त्याचा. दादा — चाळीस. मी — वजा चारशे एकाहत्तर!

"लिहायला ठेवलं होतं तुला, पुसायला नाही," सर म्हणाले.

"पण सर, साइट चालतेय की."

"चालतीय गं! पण शुक्रवारी दुसरे चेअरमन येणार. हार कुठं घालायचा? रिकाम्या जागेला?"

कायम व्हायचं विसर, म्हणाले.

१६ जून

दिवसभर रडू येत होतं. गधडे, कुणी सांगितलं होतं?

१८ जून

डोकं चालवलं. जुन्या सगळ्या ओळी एका वेगळ्या फाइलीत घातल्या. मोठी अक्षरं, भगवा-हिरवा रंग. ही फाइल कशालाच जोडलेली नाही. नुसती दिसते. सर खूश! "ह्याला म्हणतात काम!" तक्त्यावर अधिक चारशे बहात्तर. आधीचे वजा धरून माझं एकूण काम — एक ओळ. बरोबरच आहे की!

दादांनी विचारलं, "मग यातली खरी फाइल कुठली?" सर म्हणाले, "हीच. सगळ्यांना हेच सांगायचं." दादा माझ्याकडं बघत राहिले. मी मान डोलावली.

१९ जून

हार. नारळ. पेढे. मी तीन खाल्ले.

३० जून

कायम झाले!!! आईला फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली गावभर साखर वाटते.

२ जुलै

कस्तुराबाईंचा फोन. "पान उघडंना गं पोरी, आठ दिस झालं. डॉक्टर येऊन गेला म्हणं. आमाला कुटं ठावं? दोन करडं गेली."

बघितलं. माझी ओळ जागेवर नव्हती. दादांनीच काढली, साफसफाई करताना. "कुठल्याच गावाचं नाव नव्हतं तिच्यात. बेवारस वाटली."

एकशे अठरा गावं आठ दिवस बंद, आणि फोन एकच. दादांवर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडू काय? त्यांनी विचारलं तेव्हा मान मीच डोलावली होती.