दोन हंड्यांचे कोट

मंगळवार, दिवेलागण

लई डोकं फिरलंय. मालक गेल्यापासून त्यांचा बँड मीच चालवते. दुष्काळ म्हणून सोसायटीनं सहा जोडप्यांची लग्नं एकाच मांडवात लावली, सुपारी आमच्या बँडला दिली. मी टँकरचं पिण्याचं पाणी, दोन हंडे, बँडचे आठ कोट धुण्यात घातलं. कशापायी घातलं?

आज आम्ही वाजवायला गेलो तर मांडवापुढं गेवराईचा डीजे. गाडीवर माईक धरून कोण? माझा सख्खा दीर भानू, आमचा क्लॅरनेटवाला. सुपारी परस्पर परत देऊन आलेला.

म्हणलं, "भानू, बाकीचे सात जण काय खातील? दसऱ्यानंतर ऊसतोडीलाच जातील ना?"

"वहिनी, एका गाडीत लगीन भागतंय. आठ माणसं आता कोण बोलवतंय?"

खरंच हाय ते. म्हणून जास्तच झोंबलं. पण मी कोट भिजवायच्या आधी त्यानं तोंड उघडलं असतं तर? दोन हंडे तरी वाचले असते.

आत्ता दारात आला, हसत. "वहिनी, माझा कोट द्या. डीजेवर उठून दिसल."

म्हणलं, "आधी दोन हंडे भरून दे."

हसणं थांबलं. टँकर शनिवारी यायचाय, त्यालाबी ठाऊक हाय.

कोट दोरीवरच हाय.