डाळिंबी लाल

उधना, सुरत
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. निशा हिस,
प्रदीपकाकाचा सप्रेम जयभीम.

या घरात माझ्या हातानं केलेलं पुष्कळ आहे. जागृतीचं टेबल मी केलं, त्याचा खण पावसाळ्यातही अडकत नाही. तुझ्या उज्ज्वलाकाकूच्या शिलाई मशीनला मोटर मीच बसवली. टाकी भरली की पंप आपोआप बंद होतो, तेही माझंच काम. साड्यांच्या नक्ष्या आधी ग्राफच्या कागदावर चौकट-चौकट रंगवून काढायचो, नंतर कॉम्प्युटरवर. कोणी शिकवलं नाही. दहावी नापास माणूस इंग्रजी मेनू वाचत वाचत शिकला. आणि शेवटी तो तक्ता. तोही माझ्याच हातचा.

चलथाणला मामाकडे तू बरी असशील. तिकडे कारखाना सुरू झाला असेल, रस्त्यावर उसाच्या गाड्या असतील, सायकल जपून चालव. तुझा फोन बंद लागतो, म्हणून तुझ्या आईकडून, शोभाबाईंकडून पत्ता घेतला. त्या द्यायला तयार नव्हत्या. "भाऊ, आते काय राह्यनं?" एवढंच म्हणाल्या, आणि मग एका चिठोऱ्यावर लिहून दिला.

पुढचं तुला माहीत असलेलंच लिहितोय, कारण मला ते आत्ता कुठे नीट कळलंय. चुकलं असेल तिथे मनातल्या मनात खोडत जा.

कोरियातल्या त्या गाणाऱ्या मुलांचे अल्बम तुम्ही मैत्रिणी मिळून मागवता. पार्सल कोसाडला तुझ्या घरी येतं. प्रत्येक अल्बममध्ये त्यातल्या एकाचा फोटो असलेलं छोटं कार्ड निघतं, आणि कोणाचं निघेल ते फोडेपर्यंत कळत नाही. मग तुमची अदलाबदल चालते. पैसे कोणी भरले, कुठलं कार्ड कोणाला मिळालं, ही नोंद जागृती कॉम्प्युटरवर ठेवते. कॉलेजात आकडे चित्रात मांडायचा प्रकल्प होता, तिनं ह्याच नोंदी घेतल्या. तिचं चित्र मी पाहिलं. पोळीचे तुकडे केल्यासारखं गोल. म्हटलं, ऊठ, सरक जरा.

आडव्या ओळीत मुली, उभ्या ओळीत कार्डं. कार्ड मिळालं तो खाना मोरपंखी. मागितलंच नाही तो सायीच्या रंगाचा. पैसे भरले आणि पुढे 'मिळालं' हे कोरं, तो लाल. लाल साधा नाही, डाळिंबी. मोरपंखीशेजारी तो असा बसला की मी खुर्ची मागे ओढून बघत राहिलो.

जागृती म्हणाली, "पप्पा, लाल कशाला? कोरं राहू द्या ना ते."

मी म्हटलं, "कोरं म्हणजे मागावरची तार तुटलेली. तुटलेली तार दाखवायची असते."

ती टॉवेल शोधायला उठली. मला वाटलं, पटलं.

तक्ता तुमच्या ग्रुपवर गेला. कोणीतरी विचारलं, लाल म्हणजे पैसे घेऊन कार्ड दिलं नाही, असंच ना? पार्सल सगळी तुझ्या हातून जातात. दुसऱ्या दिवशी दोन बाया तुमच्या बिल्डिंगखाली उभ्या राहून काय बोलल्या, ते मी इथे लिहीत नाही.

तक्ता गेला, असं वर लिहिलंय. तो गेला नाही. मी टाकला. जागृती अंघोळीला गेली होती, तिचा फोन टेबलावर होता. वाटलं, पोरी बघतील आणि विचारतील, हे कोणी केलंय.

त्या लाल खान्यांमधली सगळी कार्डं तुझ्याकडे पत्र्याच्या डब्यात आहेत, ज्या त्या मुलीच्या नावाच्या पाकिटात. घरी सापडली तर फेकली जातील अशा मुली ती तुझ्याकडे ठेवतात. त्यातली एकही बोलली नाही. बोलली तर तिच्या घरी कळणार. आणि तू डबा उघडून दाखवला असतास तर तिथल्या तिथे सुटली असतीस. नाही उघडलास. आजही तो उघड, असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही.

त्यात तीन कार्डं आमच्या जागृतीची आहेत. तिनंच सांगितलं. "ह्या घरात ठेवली असती तर तुम्ही भंगारात दिली असती, तुम्हीच म्हणाला होतात." म्हणालो होतो.

तिनं ग्रुपवर लिहिलं की माझी कार्डं मीच निशाकडे ठेवलीत. त्यावर उत्तर आलं, तू मैत्रीण, झाकणारच, आणि तक्ता तर तुझ्याच घरून आलाय. माझ्या पोरीच्या शब्दापेक्षा माझे खाने खरे ठरले. मग मीही लिहिलं, तक्ता चूक आहे, चूक माझी आहे. कोणी अंगठा टाकला, कोणी तोही नाही. कोसाडला जाऊन खालच्या ओट्यापाशी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. एक म्हातारी म्हणाली, "किती घेतले रे भाऊ, त्या पोरीच्या आईकडून?" तिथे चार माणसं हसली. आजवर माझ्या कामाला कोणी हसलं नव्हतं.

आता खरं सांगतो. जागृती खोलीतून बाहेर येत नाही. परीक्षा तोंडावर आली, पुस्तकाला हात नाही. उज्ज्वला भाकरी घेऊन दाराशी बसते, ती तशीच परत नेते. जागृती चहा तेवढा घेते. परवा दाराआडून म्हणाली, "पप्पा, मलाही एक खाना काढा. लाल." आवाज अगदी साधा होता, मीठ मागावं तसा. मी स्क्रू काढून दाराची कडी उतरवली. पंखाही उतरवला, तिला सांगितलं दुरुस्तीला न्यायचाय. उज्ज्वलाला मी यातलं काही बोललो नाही, पण तिनंही कात्री कुठेतरी ठेवून दिलीय.

निशा, मी पुष्कळ गोष्टी दुरुस्त केल्या आयुष्यात. इथे हात कुठे घालायचा ते कळत नाही. तू तिला एक ओळ लिही. रागाची लिहिलीस तरी चालेल, शिवी दिलीस तरी चालेल. तिला वाटतं, तू तिला मेली समजतेस. मला माफ कर असं मी लिहीत नाही, ते तुझं तू बघ, सावकाश बघ. तिला मात्र आज लिही.

तुझ्या घरची पायरी चढायची लाज वाटणारा,
जागृतीचा बाप,
प्रदीप

ता. क. हे लिहू की नको असं झालं, पण तुझ्या कानावर बाहेरून यायला नको. कापड मार्केटातले मगनशेठ कामासाठी आले होते, तेव्हा त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर तो तक्ता पाहिला. काय आहे ते त्यांना ठाऊक नाही, साडीची नक्षी समजून विकत मागू लागले. मी म्हटलं, लाल काढून देतो. तर म्हणाले, "लाल काढी नाखो तो डिझाइन मरी जाय, प्रदीपभाई." खरं आहे. लाल काढला की ती मरते. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या नक्ष्या उतरवल्या, माझी स्वतःची कोणी मागितली नव्हती. पण तुझ्यावरचा आळ बायकांच्या अंगावर गावोगाव फिरला असता. मी नाही म्हटलं, आणि त्यांच्यासमोरच फाइल पुसली. ते देत होते एक लाख साठ हजार, रोख.