स्टुलाच्या पायाची चिंधी

शनिवार, संध्याकाळ

सावेडीहून मुद्दाम गावी आलो, आईला जुन्या नगरपालिकेतलं नवं संग्रहालय दाखवायला. माझे वडील, नाना, तिथं उभी हयात शिपाई होते. आईनं दारातच चपला काढल्या, नाना काढायचे म्हणून. घालून चालतं म्हटलं तरी ऐकलं नाही.

सभागृहात दोरीच्या पलीकडे नानांचं स्टूल ठेवलंय. मी ओळखलं नसतं. आईनं ओळखलं ते पायाला बांधलेल्या चिंधीवरून. डुगडुगतं म्हणून तिनंच आपल्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून दिला होता. तिनं हात पुढं केला तर रखवालदार म्हणाला, "आजी, लांबून बघा." ती चटकन मागं सरली, काही चुकल्यासारखी. मी त्याला काहीच का बोललो नाही?

मग तिनं विचारलं, "पाटीवर काय लिवलंय रं?"

लिहिलं होतं, 'जुने स्टूल. वापरणारे अज्ञात.'

मी म्हणालो, "नानांचं नाव हाय." नुसतं म्हणालो नाही, पूर्ण नाव वाचून दाखवलं, आडनावासकट. तिनं पाटीला हात जोडले. तेव्हा तरी खरं सांगायचं. पण तिचे डोळे त्या चिंधीवर होते. विटली होती, तरी काठ ओळखू येत होता.

आता ओट्यावर बसून शेजारच्या काकूंना सांगतेय, आमच्या ह्यांचं नाव लावलंय तिथं. उद्या काकूंच्या सुनेला घेऊन पुन्हा जायचं ठरलंय.

सून शाळेत शिकवते.