सासूबाईंचा फोटो मोठा करताना

रवि. १० जाने. ८२, सिहोरा
तुमसरहून फोटो आले. तळ्यावरचे बगळे मोठे करायला दिले होते. बगळे पांढरे, आकाश पांढरं, पाणीही पांढरंच. स्टुडिओवाल्या देवाजींना म्हटलं तर म्हणे, मास्तर, लग्नसराई आहे, बगळे कोण पाहतो. बारा वर्षं फोटो काढतो आहे आणि एकही मनासारखा निघालेला नाही, कारण धुणारा हात दुसऱ्याचा. स्वतःचा एन्लार्जर, फोटो मोठे करायचं यंत्र, पाहिजे. हे मी दर जानेवारीत लिहितो. आता लिहायचाही कंटाळा आला.

१५ जाने.
सु.नं आज विषय काढलाच. तिची आई जाऊन वर्ष होत आलं. अक्षय तृतीयेला आसगावी, माहेरी, त्यांच्या नावाची पहिली घागर भरणार, तेव्हा भिंतीवर फोटो पाहिजे.
"एवढे झाडं, पाखरं काढता तुमी. माह्या मायचा एक नाही."
खरं आहे. काढणार कुठून? जावयासमोर सासूबाईंचा पदर नेहमी नाकाखाली ओढलेला. चौदा वर्षांत मला दिसले ते हात आणि वाढलेलं ताट. चेहरा असा नीट पाहिलाच नाही.

१७ जाने.
पेटी उपसली. एक निगेटिव्ह सापडली. साळ्याच्या, श्रावणच्या, लग्नातली. मांडवाबाहेर सगळे उभे, मागच्या रांगेत टोकाला सासूबाई, आणि वाऱ्यानं पदर उडालेला. चेहरा धानाच्या दाण्याएवढा. बुरशीचे ठिपके सगळीकडे. त्या दिवशी मी पुढच्या रांगेकडे पाहत होतो.
देवाजींना दाखवली. म्हणाले नागपूरला पाठवू, तिथे वरून चितारून देतात. म्हणजे चेहरा नवाच. नको म्हटलं.

रवि. ३१ जाने.
एन्ला. आता हौस राहिली नाही, काम झालं. तीन वाटा:
कलकत्त्याच्या जाहिरातीतला नवा. सुंदर. तीन महिने उपाशी राहिलो तर येईल.
देवाजींचा जुना, अडगळीत पडलेला. लोखंडी, जड. भिंगाच्या कडेला बुरशी.
तिसरी श्रावणची. तो जवाहरनगरला असतो, हाताचा हुशार. म्हणतो पैसे कायले घालवता भाऊजी, पावडरच्या डब्याचा घरीच करून देतो.
जाहिरातीचा कागद चार वेळा वाचून घडी घालून ठेवला.

रवि. २१ फेब्रु.
श्रावणचा डबा घेऊन बसलो. दिवसाच, धानाच्या खोलीत, फटींत चिंध्या कोंबून. डब्यातून उजेड सांडतो तो सांडतोच, वर बल्ब इतका तापतो की पाच मिनिटांत निगेटिव्ह पापडासारखी वाकडी. नशीब, बगळ्यांची लावली होती. श्रावणला काय सांगावं? बिचारा दोन रविवार खपला होता.

७ मार्च
देवाजींचा घेतला. बैलगाडीतून आणला, गावभर चर्चा की मास्तरांनी चक्की आणली. सु.नं घ्यायची ठरलेली शिलाई मशीन पुढच्या सालावर टाकली, मी न म्हणता. मला ते बरं वाटलं नाही. पण घेतला.

रवि. १४ मार्च
भिंग मधून चांगलं आहे. चेहरा मधोमध धरला तर चालतं. लाल दिव्याखाली कागदावर सासूबाई हळूहळू उमटल्या, मुठीएवढ्या. मी एकटाच खोलीत, आणि अंगावर काटा आला. सु.सारखेच डोळे. चौदा वर्षांनी ओळख झाली म्हणायची.
पण ठिपके! आकाशावर, मांडवावर, तोंडावर. टचिंग करावं लागणार. फोटोवर केलं तर दर वेळी नवं, म्हणून निगेटिव्हवरच, पेन्सिलनं. तिथे काळं भरलं की फोटोत तेवढी जागा उजळते.

२४ मार्च
शाळा सुटली की खिडकीशी भिंग घेऊन बसतो. पेन्सिलीचं टोक सुईसारखं, श्वास रोखून एकेक ठिपका भरायचा. डोळे चुरचुरतात, मान धरली. सु. दोनदा येऊन गेली. मले पाहू द्या ना, म्हणाली. झाल्यावर, म्हटलं. अर्धवट काम दाखवायचं जिवावर येतं.

रवि. ११ एप्रिल
झालं. पंधरा-अठरा दिवस गेले. सगळे डाग गेले, कपाळ, गाल, हनुवटी स्वच्छ. पोस्टकार्डाच्या दुप्पट फोटो काढला. बारा वर्षांत पहिल्यांदा मनासारखा. तुमसरला फ्रेम करायला टाकला. सु. म्हणाली, आता माहेरीच पाहू, बाबासंगं. तिची तशी इच्छा. मी खुशीत होतो, नाही म्हणालो नाही.

सोम. २६ एप्रिल, आसगाव
घागर भरून झाली. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतः कागद सोडला. बराच वेळ पाहत राहिले. फ्रेम उजेडाकडे धरली, धोतरानं काच पुसली, पुन्हा पाहिलं. मला वाटलं भरून आलं असेल.
"जवाईबापू, फोटो चांगला आहे. पण ही आमच्या घरची नाही."
सु.नं हातातून घेतला. तिचा हात पहिले हनुवटीवर गेला. तिथे गोंदण होतं. गालावरही एक. मला ठाऊकच नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक, मला नाही.
मामाजी रागावले नाहीत, रागावले असते तर बरं होतं. "मेल्यावर बाईच्या आंगावरचं सारं उतरवून घेतेत. गोंदनच तेवढं संगं जाते. तुमी तेही काढून घेतलं."
फोटो भिंतीला लागला नाही. कागदात गुंडाळून परत दिला.

२७ एप्रिल
परतीचा प्रवास. भंडाऱ्याला स्टँडवर बसलो होतो, उसाचा रस घेते का विचारलं, नको म्हणाली. मग म्हणाली, लहानपणी गोंदणारीण आली की मी रडायची, मलेही पाहिजे म्हणून. मायनं गोंदू देल्लं नाही. पोरगी मास्तराले द्याची आहे, शिकलेल्या मानसाले आवडत नाही, म्हणे.
थोड्या वेळानं: "तुमाले तो डाग वाटला."
विचारलं नाही तिनं, नुसतं म्हणाली.

२८ एप्रिल
पेन्सिल पुसली की खाली सगळं जसंच्या तसं असणार, हे बसमध्येच ठरवलं होतं. शाळेतून आलो, चहासुद्धा न घेता बसलो. टर्पेंटाइननं पुसली, राप राहिला. म्हणून पाण्यात टाकली. बादलीतलं पाणी, अंगणातली बादली, एप्रिलचं ऊन. माठातलं घ्यावं हे सुचलं नाही. थकलेला होतो. दहा मिनिटांनी पाहिलं तर वरचा पापुद्रा सुटून सुरकुतलेला. मांडव शाबूत. पुढची रांग शाबूत. मागच्या रांगेच्या टोकाला, जिथे मी घासलं होतं तिथे, काच असावी तशी स्वच्छ फिल्म.
विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवतो की गरम पाण्यात जिलेटिन विरघळतं, आणि निगेटिव्हवरचा थर त्याचाच. मीच.

३० एप्रिल
टचिंगआधीचे कच्चे फोटो शोधले. सापडले, चारही. औषध वाचवायला ते हायपोत, ज्यानं फोटो पक्का होतो त्यात, बुडवले नव्हते, नुसते पाहून बाजूला टाकले होते. काळे कुळकुळीत. उन्हात धरून पाहिले. काही नाही.
सु.ला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

रवि. २ मे
श्रावण आला. त्याला सगळं सांगितलं, त्यानं देवाजींच्या भिंगाला दोष दिला. मग म्हणाला, फोटोवरच बारीक ब्रशनं ठिपके देऊ, त्यात काय. मीही तेच म्हणत होतो. पण किती? तो म्हणतो हनुवटीवर तीन, चुलीच्या दगडांसारखे. सु. म्हणते पाच, मधला मोठा. मामाजींना तो विचारून आला होता. म्हणाले, तिचं तोंड का मोजाले पाहत होतो?
दोघं भावंडं वाद घालता घालता थांबली. आपल्याच आईचं तोंड आठवेना, हे दोघांनाही एकदम कळलं असावं. श्रावण जेवला नाही, शेवटची गाडी आहे म्हणून निघाला.

५ मे
शाळेला सुट्टी. एन्ला.वर पोतं टाकून ठेवलं आहे. देवाजी परत घेतो म्हणतात, अर्ध्या किमतीत. पाहू.
दुपारी सु.नं फोटो फ्रेममधून काढला, पाटावर ठेवला, माझा बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि मला हाक मारली.
"तुमीच पुसले ना एकेक करून. सांगा, किती होते?"
अठरा दिवस भिंगातून तोच चेहरा पाहत होतो. त्यांच्या नवऱ्यानं पाहिला नसेल इतक्या जवळून. पहिला कुठला भरला, शेवटचा कुठला, आठवून पाहिलं. मोजले नव्हते. डाग कोण मोजतो.
ती अजून समोर बसली आहे. ब्रश धरून.