ताट नव्हे, पोळपाट

आई, मागच्या वर्षी तुला लिहिलं होतं त्यात एक चूक राहिली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की बाबांनी ताट भिरकावलं आणि ते तुझ्या हाताला लागलं. तसं झालं नव्हतं. ताट तुझ्या हातात होतं आणि ते पडलं, पण नंतर. तुला लागला तो पोळपाट. हे मला आता इतक्या वर्षांनी कसं कळलं, ते सांगायचं तर माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल, कारण मी नोकरीला लागले तेव्हा तू नव्हतीस.

लंडनच्या क्रॉयडन भागातल्या एका ऑफिसात मी सिनेमाच्या पडद्यावर खाली येणारी अक्षरं लिहिते. युनिव्हर्सिटीत स्पॅनिश घेतलं होतं म्हणून स्पॅनिश सिनेमे माझ्याकडे येतात. बोलण्याचं इंग्रजी करायचंच, शिवाय ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आवाजही लिहायचे. दार करकरतं, वरच्या मजल्यावर कुणी चालतं, काच फुटते. जेवढं ऐकू येतं तेवढंच लिहायचं, कुणी केलं आणि का केलं ते आपण आपल्या मनाने सांगायचं नाही, असा नियम आहे. या उन्हाळ्यात एक भुताचा सिनेमा आला. एक बाई लहान मुलीला घेऊन, जिथे ती वाढली त्या बंद पडलेल्या घरात राहायला येते आणि त्या घरात तिची मेलेली आई असते. आई दिसत नाही, फक्त मारते. त्या बाईला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढते, दाराच्या फटीत तिची बोटं चिरडते, ओट्यावर तिचं तोंड आपटते, दात सांडेपर्यंत. ऑफिसात कुणी तो एकट्याने बघायला तयार नव्हतं. शेजारची म्हणाली, तुला घाबरायला होत नाही, तू नक्की माणूस आहेस ना. मी हसले आणि हेडफोन लावले.

माझं काम तपासते ती बाई जन्मापासून बहिरी आहे. ओठ वाचते, सगळ्यांशी खणखणीत बोलते आणि चूक सोडत नाही. त्या ओट्याच्या प्रसंगाआधी एका जागी मी लिहिलं होतं, ताट पडतं. तिने मला बोलावलं. म्हणाली, "चित्रात ही बाई आधी कळवळते आणि मग ताट पडतं. मग ती कळवळली कशाने? मला ऐकू येत नाही बाई, तू लिहिशील तेवढंच मला कळणार."

मी परत जागेवर बसले आणि डोळे मिटून ऐकलं. आवाज दोन होते. पहिला बोथट, ओलसर, लाकडाचा, फार मोठा नाही. मग श्वासभर काहीच नाही. मग ताट, फरशीवर गरगरत, आधी सावकाश आणि थांबता थांबता घाईने. लक्षात राहतो तो दुसराच. मी हेडफोन काढले, तरी मी कॉव्हेंट्रीतल्या आपल्या स्वयंपाकघरात टेबलाखालीच बसले होते.

सात वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. इंग्रजी शाळेत पोरांची भाषा जाते, असं बाबा महाराष्ट्र मंडळात सांगायचे आणि लोक माना डोलवायचे. दादा मात्र शाळेत जात होता. तो घरातलं बाहेर बोलणारा नव्हता, मी बडबडी होते, हे कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. माझी शाळा म्हणजे तू आणि ते टेबल. मुळाक्षरं, पाढे, आणि दुपारी कंटाळा आला की तो खेळ: मी डोळे मिटायचे आणि तू काय करतेस ते आवाजावरून ओळखायचं. मोहरी की जिरं. कोबी चिरतेस की कांदा. मी कधी चुकत नसे. पुढे तोच खेळ मी एकटीने खेळायला लागले, संध्याकाळी, पुढच्या दाराच्या किल्लीवर. किल्ली एका दमात फिरली तर बरी संध्याकाळ. कुलूप चाचपत राहिली तर मी टेबलाखाली जायचे.

त्या दिवशी किल्ली एका दमात फिरली होती, म्हणून मी बेसावध होते. बाबा जेवायला बसतात. पोळी वातड झाली आहे म्हणतात, आवाज न चढवता. तू दुसरी वाढतेस. ती खातात, भात खातात, ताक पितात. उठून हात धुतात आणि टॉवेलला पुसतात, एकेक बोट. तू त्यांचं ताट उचलून सिंककडे निघतेस. ते ओट्यापाशी जातात, पोळपाटावरचं पीठ हाताने झटकतात, दोन्ही हातांनी तो उचलतात आणि तुझ्या उजव्या हातावर कडेने मारतात, लाकूड फोडावं तसं. हाड मोडल्याचं मला वेगळं ऐकू आलं नाही, की आलं, ते मी खात्रीने लिहू शकत नाही. मग ताट. दुसऱ्यांदा त्यांनी पोळपाट सपाट धरून तोंडावर मारला. तू खाली बसलीस आणि तुझ्या ओठातलं रक्त पिठात पडून त्याच्या गोळ्या झाल्या. बाहेरच्या खोलीत दादाने क्रिकेटचा आवाज वाढवला.

नंतरचंही लिहायला हवं. बाबा हाडांचे डॉक्टर. तुला हॉस्पिटलमध्ये नेलं नाही. त्याच टेबलावर तुझा हात ठेवला, कपाटातून प्लास्टरच्या पट्ट्या काढल्या, मला कोमट पाणी आणायला सांगितलं. "सैल सोड," म्हणाले, "घट्ट धरलास तर दुखेल." फार मायेने म्हणाले. तू कण्हत होतीस आणि ते मला शिकवत होते, ही रेडियस, अंगठ्याच्या बाजूची, आणि ही अल्ना. मला परत म्हणायला लावलं. मी बरोबर म्हटलं तेव्हा शाबास म्हणाले. मंडळाच्या हळदीकुंकवाला तू गळ्यात हात बांधून गेलीस, जिन्यावरून पडले म्हणून सांगितलंस, आणि एक काकू म्हणाल्या, घरातच डॉक्टर, तुम्हाला काय कमी. घरी येताना मी रस्त्यात काहीतरी विचारलं, तर तू माझा दंड असा चिमटलास की वळ उठला. "घरातलं घरात," म्हणालीस. माझ्या अंगावर तू हात टाकलास तो एवढा एकदाच.

दादा अजून म्हणतो, बाबा तापट होते, रागाच्या भरात एकदा ताट भिरकावलं, कुणाच्या घरी होत नाही? मीही तेच लिहीत आले, तुलासुद्धा. ताट रागात भिरकावता येतं. पोळपाट घ्यायला मात्र जेवण संपवून, हात पुसून, चार पावलं चालत जावं लागतं.

सिनेमातल्या त्या आईचा मला राग आला आहे. सगळी मारहाण तिच्यावर घातली आहे आणि बाप फक्त भिंतीवरच्या फोटोत आहे, मिशीवाला, रुबाबदार. तू पुढे कॅन्सरने गेलीस, बाबांच्या हातून नाही, हेही नीट लिहिते. मी अकरा वर्षांची होते. बायकांनी तुला हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, वाकड्या जुळलेल्या मनगटावरून हिरव्या बांगड्या चढेनात तेव्हा साबण लावून चढवल्या, आणि म्हणाल्या, सवाष्ण गेली, पुण्यवान. त्यानंतर त्या घरात मी सात वर्षं राहिले आणि तू मला कधी दिसली नाहीस, ऐकूही आली नाहीस. त्या घरात होते ते सगळे जिवंत होते.

अजूनही आहेत. बाबा आता रिटायर झाले आहेत. दादाचं लग्न झालं, वहिनी सांगलीची आहे, माझ्याच वयाची, आणि तिला सातवा लागला आहे. येत्या शनिवारी मंडळातल्या बायका आपल्या घरी तिचं डोहाळजेवण करणार आहेत. मागच्या आठवड्यात ती ओट्यावर फोन ठेवून माझ्याशी त्याबद्दलच बोलत होती. पेढा की बर्फी, म्हणजे मुलगा की मुलगी, त्या वाट्या आधीच उघडून बघायच्या का, असं विचारून हसत होती. दादा आत आल्याचं मी ऐकलं. मग एक बोथट आवाज. मग ताट, गरगरत.

"काही नाही ताई," ती म्हणाली, "ताट पडलं हातातून." ती तोंडाने श्वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेल्यावर फोन केला आणि सरळ विचारलं, आधीचा आवाज कशाचा होता. ती म्हणाली, लाटणं. पाठीवर. पोटाला लागू दिलं नाही, ती वळली. आणि मग म्हणाली: "बाबांनी बघितलं ना. फ्रॅक्चर नाही म्हणाले. मलम लावून दिलं."

मी म्हटलं, वहिनी, तू माझ्याकडे ये. ती म्हणाली, व्हिसा ह्यांच्यावर आहे, घर सोडलं तर परत पाठवतील. त्या व्हिसा ऑफिसवरून माझी ट्राम रोज जाते. मी वकिलाला विचारून घेतलं आहे, दोनदा, मला एकदा विचारून पुरत नाही. मारहाणीमुळे घर सोडावं लागलं तर तिला इथे राहण्यासाठी स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आणि शनिवारी एवढ्या बायका ओटी भरायला येतील, त्यांना काय सांगायचं. मी म्हटलं, यातल्या बऱ्याच जणी माझ्या आईकडेही आल्या होत्या. त्यावर ती रडली, आणि जरा वेळाने नाक ओढत म्हणाली, "तुमच्या त्या लंडनच्या खोलीत माझं पोट तरी मावेल का, ताई?"

गुरुवारी वहिनीची दवाखान्यात तपासणी आहे. तिथली मिडवाइफ, म्हणजे सुईण, प्रत्येक बाईला थोडा वेळ एकटीला आत घेऊन घरी सगळं ठीक आहे ना, ते विचारते. वहिनीच्या वेळी बाबा डॉक्टर म्हणून बरोबर आत जाऊन बसतात. या खेपेला त्यांना जमणार नाही, कारण त्याच सकाळी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि दादा त्यांना गाडीने नेणार आहे. वहिनीबरोबर मी आत जाणार नाही, दाराबाहेर बसणार आहे. तिला जे सांगायचं ते ती सांगेल. तिथून ती माझ्याबरोबर निघेल, किंवा मिडवाइफ सुरक्षित सांगेल तिथे जाईल. तिने शब्द दिला आहे, पण शब्द देताना तिचा आवाज तुझ्यासारखा होता, म्हणून मला झोप नाही.

हे मी तुझ्या फोटोपुढे ठेवणार नाही, मागच्या वर्षीचं ठेवलं होतं तसं. खरं सांगायचं तर तू असतीस तर मला थांबवलं असतंस, आणि मी तुझं ऐकलं असतं. मी गुरुवारी सकाळी कॉव्हेंट्रीला जाते आहे.