कुंकवाविना बोलावणं

शुक्रवार, संध्याकाळ. सेक्टर ६.

आरती केली, तरी डोकं तापलेलंच. महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलं. आज अध्यक्षीणबाईंच्या सुनेने लॅपटॉपवर संपर्काची नवी योजना दाखवली. बोलावणी फक्त मोबाइलवर. घरोघरी कुंकू लावत फिरणं म्हणे वेळ वाया घालवणं.

मी विचारलं, "अन् शांताकाकू? त्यायच्यापाशी मोबाइल कुठं आहे?"

"काकू, वो तो अब कुरुद में रहती हैं ना! आपल्या टार्गेटमध्ये नाही येत."

टार्गेट! काका रिटायर झाले, कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं, म्हणून त्या टाउनशिपबाहेर कुरुदला गेल्या. हे हळदीकुंकू सुरू कोणी केलं? नवी नवरी होते तेव्हा माझ्या दारात कुंकू घेऊन कोण आलं होतं?

घरी आले तर मुलगा म्हणतो, "आई, तुले बोलावणं आलं माझ्या फोनवर. मी अंगठा पाठवून देला."

म्हणजे मी येणार हे ठरलंसुद्धा! मला विचारलं कोणी?

उद्या कुंकवाची कुयरी घेऊन कुरुदला जाते. ऑटोचे पैसे कशाला? स्कूटरवर तोच नेईल. अंगठा त्याचा, पेट्रोलही त्याचंच. शांताकाकू आल्या तर मी येईन. नाही तर मंडळाने त्या अंगठ्यालाच वाण द्यावं.