एका राउटरचे दोन मालक

जाग्ना, रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय मनांग एपिंग,

तुझा धाकटा भाऊ क्रिस्पुलो याचा नमस्कार. इकडे आई बरी आहे. रोज सकाळी आशीर्वादासाठी तिचा हात कपाळाला लावतो, आणि तू सेबूत असतेस म्हणून तुझ्या वाटणीचाही एकदा लावतो, तेव्हा ती माझ्याकडे संशयाने बघते. तुझे गुडघे कसे आहेत? बरे आहेत असं उगाच लिहू नकोस, मला खरं काय ते कळतंच.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. आपल्या गावाचं इंटरनेट आमचं केबल ऑफिस सांभाळतं आणि ऑफिस म्हणजे मी आणि रेनांते. माझा निरोप जाणार तो रेनांतेने ओढलेल्या तारेवरून. तो त्याला वाचता येणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे (त्याचे मला येत नाहीत, प्रयत्न करून पाहिलाय), तरीपण नको. आपल्या गल्लीतली नांग कुर्दिंग डोळे दाखवायला सेबूला येतेय, तिच्या हाती हे पत्र देतोय. पाकीट भाताने चिकटवून वर टेप मारलीय. टेप उचकटलेली दिसली तर कळव. तिला दिसत नाही असं फक्त तीच म्हणते.

गोष्ट अशी, की आमच्या मालकाने दोघांना समोर बसवून सांगितलं, यापुढे एकच माणूस ठेवणार. नेटवर्कच्या परीक्षेत ज्याला जास्त गुण तो राहणार. दुसऱ्याने जहाजावर नोकरीला जावं, तिथे ओळख आहे म्हणाला. मनांग, मला जहाजावर जायचं नाही. आईला एकटी टाकून निघायची मला भीती वाटते, तुझ्यापासून काय लपवायचं. त्यात ही परीक्षा नेमकी यंदा नवी झाली. माझ्या वाटेला आलं की सगळं नवं होतं.

परीक्षा नवी झाली की लोक अचानक फार प्रेमळ होतात. ज्यांनी कधी पाण्याचा ग्लास विचारला नाही ते घरी येऊन पुस्तकं देऊन गेले. सगळी जुन्या परीक्षेची. एक जण नेटवर नवी आवृत्ती स्वस्तात विकत होता. मी आतली पानं दाखव म्हटलं, तर नवं होतं ते फक्त मुखपृष्ठ. दुसरा म्हणाला, परीक्षेतले अस्सल प्रश्नच देतो. मी विचारलं, मग तू स्वतः का नाही पास झालास? त्याने मला ब्लॉक केलं. शेवटी परीक्षा घेणाऱ्यांनीच नवा अभ्यासक्रम फुकट ठेवलेला सापडला (फुकट म्हणून आधी मी तो उघडायलाच धजेना). तो समोर ठेवून जुन्या पुस्तकात बाद झालेले धडे खोडत बसलो. निम्मं पुस्तक तसंच कामाचं निघालं. म्हणजे देणाऱ्यांनाही कळलं नव्हतं त्यांनी काय दिलं ते, नाहीतर दिलं नसतं.

पण नुसतं वाचून हात बसत नाही. गावातलं इंटरनेटचं दुकान बंद झालं, तिथला जुना राउटर विकायला होता. एकट्याला परवडेना. रेनांतेलाही परवडेना. मग दोघांनी मिळून घेतला आणि वापरायचा कसा यावर भांडणं सुरू झाली. तेव्हा नांग कुर्दिंगने निकाल दिला, की चर्चमधल्या माउलीची मूर्ती जशी आपल्या गल्लीत घरोघर फिरते, तसाच हाही फिरेल. एक आठवडा तुझा, एक त्याचा. शुक्रवारी जपमाळ झाली की साक्षीदारांसमोर, पुसून, दुसऱ्याच्या स्वाधीन. पहिल्या शुक्रवारी मूर्ती नेमकी आपल्याकडे होती. आईने राउटर तिच्या शेजारीच लावला, आणि हिरवे दिवे लुकलुकताना बघून बायका त्या दिवशी जरा जास्तच वेळ गुडघ्यांवर राहिल्या.

आता ऐक. माझा आठवडा संपला की मी राउटर आतूनबाहेरून धुऊन काढायचो. मी मांडलेली सगळी सेटिंग्ज साफ. माझ्या मेहनतीवर त्याने का शिकावं? आणि त्याच्याकडून राउटर यायचा तो दर वेळी बिघडलेला. एकदा दोन कॉम्प्युटरना एकच पत्ता. एकदा बाहेर जाणाऱ्या रस्त्यातला एकच आकडा चुकवलेला. एकदा तर सगळं बरोबर आणि फक्त एक पोर्ट गुपचूप बंद. मी दिवसचे दिवस शिव्या देत शोधायचो. सापडायचं, पण जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी परवा त्याच्या घरी गेलो, भांडायलाच.

तो तान्ह्या पोरीला खांद्यावर टाकून एका हाताने टाइप करत होता. मी म्हटलं, मुद्दाम बिघडवतोस ना?

"हो," म्हणाला. "तू दर वेळी सगळं पुसून पाठवतोस. मला वाटलं, कोऱ्यापासून मांडायची सवय व्हावी म्हणून करतोयस. माझा हात किती बसला बघ. मग मलाही वाटलं, आपणही पुलोसाठी काहीतरी करावं. नव्या परीक्षेत बिघाडच तर शोधायचेत."

"म्हणूनच पुसत होतो," म्हणालो.

तेव्हापासून स्वस्थता नाही. हा खरंच इतका चांगला आहे की मला बनवतोय? त्याचा बाप जहाजावर असायचा. लहानपणी बाप सुट्टीवर आला, तेव्हा रेनांतेने आईला विचारलं होतं, हे पाहुणे कधी जाणार. गावात अजून हसतात. मीही हसायचो, त्याच्या खांद्यावरची पोर बघेपर्यंत. आणि मनांग, ज्याला हरवायचं त्यालाच मी फुकटात तयार करून ठेवलंय, आणि त्याने मला.

आईला सांभाळतो. काळजी नको.

तुझा, जपून वागणारा,
पुलो

ता. क. १ : परीक्षा सेबूतच आहे, येत्या गुरुवारी. आदल्या दिवशी तुझ्याकडे उतरेन. रेनांतेही येतोय, दोघांच्या सतरंज्या शेजारी शेजारी घाल. विश्वास आहे म्हणून नव्हे, नजरेखाली असलेला बरा म्हणून. शिवाय सकाळी प्रश्न विचारायला कोणीतरी हवंच.

ता. क. २ : नांग कुर्दिंगबरोबर करवंट्यांत भरलेली कालामाय मिठाई पाठवतोय. करवंट्या सीलबंद आहेत का, ते तिच्यासमोरच बघ.

ता. क. ३ : गुरुवारी सकाळी सांतो निन्योच्या चर्चपाशी जा. तिथली मेणबत्तीवाली बाई नाव विचारून आपल्यासाठी डुलत प्रार्थना करते, तिला माझं नाव स्पष्ट सांग, आणि माझेच गुण जास्त येऊ देत असंही सांग. तिने आणखी कोणी आहे का विचारलं, तर रेनांतेचंही नाव दे. त्याच्यासाठी काय मागायचं ते मला सुचत नाही, कारण जागा एकच आहे. तुला सुचलं तर माग, आणि मला सांगू नकोस.